गव्हाची पांढरी बीअर : एका गावाची विद्या



वसंत ऋतूतील व्याख्यानमालेच्या विषयपत्रिकेवर बीअरचे नाव वाचून आपणांपैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले असेल. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. ह्या व्यासपीठावरून साहित्य, राजकारण, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान ह्या विषयांवर बोलण्याची प्रथा आहे; पेयांवर, आणि त्यातही मद्यावर बोलण्याची नाही. परंतु आम्हांला आज जे सांगावयाचे आहे ते व्यसनाविषयी नाही. युरोपातील एका लहानशा गावात शतकानुशतके चालत आलेली एक विद्या एके दिवशी बंद कशी पडली आणि ती एका दूधवाल्याने पुन्हा उभी कशी केली, ह्याविषयी आहे. ती विद्या गव्हापासून बीअर करण्याची होती, म्हणून गव्हाच्या बीअरविषयी बोलणे आले. पदार्थ समजल्यावाचून त्याची गोष्ट समजत नाही. म्हणून आधी पदार्थ, मग त्याचे कौतुक कसे करावे ते, आणि शेवटी त्याची गोष्ट, असा आमचा क्रम राहील.

बेल्जमचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. ब्रुसेल्सच्या पूर्वेस लूव्हन हे विद्यापीठाचे जुने शहर आहे, त्याच्याही पुढे टीनेन हे साखर कारखान्याचे गाव आहे, आणि टीनेनच्या शेजारी हूगार्डन नावाचे खेडे आहे. भोवताली सुपीक, सपाट, चिकण मातीची शेती. गहू, जव, ओट आणि साखरेचे बीट. ह्या टापूत जी बीअर होई तिला तेथील भाषेत 'विट' म्हणत. विट म्हणजे पांढरी. खरे पाहता ती पांढरी नसते. फिकट पिवळ्या रंगाची आणि ताकाच्या निवळीसारखी गढूळ असते. परंतु जुन्या काळी इतर बीअरी तांबूस किंवा काळपट असत. त्यांच्या शेजारी ही ठेवली म्हणजे पांढरीच दिसे. नाव पडते ते तुलनेने पडते, हे आपणांस ठाऊकच आहे.

धान्यातून पेय कसे होते?

द्राक्षांपासून मद्य होणे सोपे आहे. द्राक्षात साखर असते आणि त्याच्या सालीवर यीस्टही असते. रस काढून ठेवला की तो आपोआप आंबू लागतो. धान्याचे तसे नाही. धान्यात साखर नसते, पिष्ट असते, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. तेव्हा बीअर करणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न हा, की पिष्टाची साखर करावी कशी? ह्याचे उत्तर खुद्द धान्यानेच दिलेले आहे. दाणा भिजला आणि त्याला मोड आला की कोवळ्या कोंबाला अन्न पुरविण्यासाठी दाण्यात काही विकरे तयार होतात, आणि ती साठविलेल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर करू लागतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून बाळाला सत्त्व करून देतात, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. असे सत्त्व पातळ शिजते, गोडसर लागते आणि पचायला हलके असते. जवाला मोड आणून योग्य वेळी गरम हवेने वाळविला की त्याला माल्ट म्हणतात. मोड तेथेच थांबतो, परंतु विकरे दाण्यात जिवंत राहतात आणि कोमट पाण्याची वाट पाहत बसतात.

माल्ट भरडून ते सुमारे ६५ अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते आणि पाणी गोड होते. ह्या गोड पाण्याला बीअर करणारे वर्ट म्हणतात. वर्ट उकळायचा, गार करायचा आणि त्यात यीस्ट घालायचे. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बद्विप्राणिल वायू करते. ही घटना जिवंत सूक्ष्म पेशींमुळे होते हे लुई पाश्चर ह्यांनी दाखवून दिले. त्यांचा बीअरवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन ह्यांनी एकाच पेशीपासून यीस्टचे शुद्ध वाण वाढविले. परंतु त्यापूर्वी हजारो वर्षे माणूस हे काम करीत होता, कारण न कळता करीत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे आणि आंबवण्याच्या द्रव्याला त्याने 'किण्व' म्हटले आहे. आज आपण शास्त्राच्या पुस्तकांत किण्वन म्हणतो, तो शब्द तेथूनच चालत आलेला आहे.

गव्हाचे वेगळेपण

आता ह्या सामान्य रीतीत हूगार्डनच्या बीअरचे वेगळेपण कोठे आहे, ते पाहू.

पहिले वेगळेपण असे, की तिच्यात जवळजवळ निम्मे धान्य गहू असते, आणि तोही मोड न आणलेला, कच्चा. बव्हेरियातही गव्हाची बीअर होते, परंतु तेथे गव्हाचे माल्ट करून वापरतात. बेल्जममधील मंडळी शेतातला गहू तसाच भरडून घालतात. कच्च्या गव्हात साखर करणारी विकरे पुरेशी नसतात. म्हणून उरलेले निम्मे धान्य जवाचे माल्ट असते आणि त्याच्या विकरांनी गव्हाचेही काम करावयाचे असते. थोडक्यात, जव राबतो आणि गहू बसून खातो. मग गहू घालावयाचा कशाला? तर गव्हातील प्रथिनांमुळे पेयाला एक मऊपणा येतो, फेस दाट आणि टिकाऊ होतो, आणि ते प्रसिद्ध गढूळपण येते. ज्यांनी उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालून, वाटून, त्याचा चीक काढलेला पाहिला आहे, त्यांना हा गढूळपणा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चीक खाली बसला तरी वरचे पाणी दुधट राहते. प्रथिने, थोडे पिष्ट आणि तरंगत राहिलेले यीस्ट ह्यांनी मिळून विट बीअरचा तो दुधटपणा होतो. गढूळपणा हा बहुतेक बीअरींत दोष मानतात, येथे तो गुण आहे.

गव्हाने एक अडचणही येते. जवाच्या दाण्याला टरफल असते; वर्ट गाळताना ही टरफलेच चाळणीचे काम करतात. गव्हाला टरफल नसते. त्यामुळे निम्मा गहू असलेले मिश्रण खळीसारखे चिकट होते आणि गाळणे बंद पडते. जुने कारागीर वेताच्या टोपल्या त्या लगद्यात दाबून बसवीत आणि टोपलीत झिरपलेले पाणी वरून उपसून घेत. आजचे हौशी लोक त्यात भाताचे तूस मिसळतात.

जुन्या पद्धतीवर सरकारी कराचाही परिणाम झाला होता, आणि ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८२२ साली, बेल्जम नेदर्लंड्सच्या राज्यात होते तेव्हा, असा कायदा झाला की कर बीअरच्या मापावर न घेता धान्य भिजविण्याच्या पिंपाच्या आकारावर घ्यावा. साहजिकच प्रत्येकाने पिंप लहान ठेवले आणि त्यात धान्य ठासून भरले. पाण्याला जागाच उरेना. म्हणून पाणी थोडे थोडे घालायचे, गढूळच काढून घ्यायचे, पुन्हा घालायचे, अशी किचकट रीत रूढ झाली. कर आकारणारा अधिकारी पेयाच्या चवीतही हात घालून जातो, हे त्याच्या गावीही नसते.

दुसरे वेगळेपण मसाल्याचे. बीअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालतात. त्यांनी कडवटपणा येतो आणि पेय टिकते. परंतु हॉप्सचा प्रसार होण्यापूर्वी युरोपात निरनिराळ्या वनस्पतींचे मिश्रण घालीत असत. बव्हेरियाने १५१६ साली फर्मान काढून जव, हॉप्स आणि पाणी ह्यांखेरीज काही घालण्यास बंदी केली. बेल्जमच्या भूमीवर असे बंधन आले नाही, आणि मसाला घालण्याची मोकळीक तेथे शिल्लक राहिली. आजच्या विट बीअरमध्ये हॉप्स बेताचेच असतात. तिची ओळख दोन जिनसांनी होते. एक धणे, आणि दुसरी कडू संत्र्याची वाळलेली साल.

ही साल मूळ क्युरासाओ बेटाची. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळचे हे बेट डच लोकांनी १६३४ मध्ये घेतले. त्याआधी स्पॅनिश लोकांनी तेथे संत्र्याची झाडे नेऊन लावली होती. परंतु त्या कोरड्या जमिनीत फळ इतके कडू झाले की कोणी तोंडात घालीना. मात्र वाळल्यावर त्याच्या सालीला मोहक वास येई. फळ वाया गेले आणि साल जगप्रसिद्ध झाली. धण्यांविषयी आपणांस वेगळे सांगावयास नको. परंतु एक सूक्ष्म गोष्ट आहे. युरोपातील धणे गोल व बारीक, आपल्याकडील लांबट व मोठे. आपल्या धण्यांत लिंबासारखा वास अधिक उतरतो म्हणून परदेशातील कित्येक बीअर करणारे मुद्दाम भारतीय धणे मागवितात. आमटीच्या फोडणीत आपण जे रोज वापरतो ते असे दूरवर निराळ्या कामी येते.

करण्याची रीत

बेल्जममध्ये किंवा अमेरिकेत घरच्या घरी वीस लिटर विट बीअर करणारा माणूस काय करतो, ते आता क्रमाने सांगतो. येथे एक खुलासा आधीच केला पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात आहे आणि परवान्यावाचून मद्य तयार करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. तेव्हा पुढील वर्णन हे जाणून घेण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नव्हे.

तो सुमारे सव्वादोन किलो फिकट जवाचे माल्ट, दोन किलो कच्चा गहू आणि पाव किलो ओट घेतो. सर्व भरडतो, पीठ करीत नाही. हे चौदा लिटर कोमट पाण्यात कालवून आधी पंधरा मिनिटे ५० अंशांवर ठेवतो, म्हणजे प्रथिने थोडी सैल होतात; मग ६६ अंशांवर नेऊन तासभर झाकून ठेवतो. ह्या तासात चमचाभर काढून चाखत गेले तर खळीची गोडी कशी वाढत जाते ते जिभेला कळते. नंतर वर्ट गाळायचा आणि चोथ्यावर गरम पाणी ओतून उरलेली गोडी धुऊन घ्यायची. चोथा गुरांना घालतात.

गाळलेला वर्ट तासभर खळखळून उकळायचा. उकळी फुटताच पंचवीस-तीस ग्रॅम सौम्य हॉप्स घालायचे. धणे आणि साल मात्र अगदी शेवटची पाच-दहा मिनिटे राहिल्यावर. प्रत्येकी पंधरा ते वीस ग्रॅम, धणे नुकतेच कुटलेले. येथे नवशिक्याचा हात सैल सुटतो. धणे जास्त झाले की पेयाला साबणाचा वास येतो, आणि साल जास्त झाली की घसा कडू होतो. पिणाऱ्याने 'ह्यात धणे आहेत' असे ओळखले, तर करणाऱ्याचा हात चुकला असे जाणकार मानतात. त्याने केवळ 'वास छान आहे, कशाचा बरे?' असे म्हणावे, हे खरे प्रमाण.

नंतर वर्ट लवकरात लवकर गार करायचा, कारण कोमट गोड पाण्यावर नको त्या जंतूंचीही नजर असते. वीस अंशांच्या आसपास आला की बेल्जन यीस्ट घालायचे. हे यीस्ट फेसाबरोबर वर चढून काम करणाऱ्या जातीचे असते आणि आंबवता आंबवता मिरी-लवंगेची किंचित झाक स्वतःच निर्माण करते. बाटलीत लवंग घातलेली नसते. आठ-दहा दिवसांत साखर संपते. मग दर लिटरला सहा ते आठ ग्रॅम साखर घालून बाटल्या भरायच्या आणि बुचे घट्ट बसवायची. उरलेले यीस्ट ह्या साखरेवर बाटलीत पुन्हा काम करते आणि तेथेच वायू तयार होतो. दोन आठवड्यांनी पेय तयार. मद्यार्काचे प्रमाण सुमारे पाच टक्के.

एकूण सुमारे साडेतीन आठवड्यांचे काम. त्यात माणसाचे श्रम एका दिवसाचे, बाकी वाट पाहणे.

ती ओळखावी कशी?

आस्वाद घेणे आणि पिणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. गाणे कानावर पडणे आणि गाणे ऐकणे ह्यांत जे अंतर आहे तेच येथे.

पहिली गोष्ट पेल्याची. पेला स्वच्छ हवा. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस उभा राहत नाही. हूगार्डनचा पेला जाड काचेचा, षट्कोनी असतो. बाटलीतील दोन-तृतीयांश भाग पेल्यात ओतायचा, मग बाटली हातात हलकेच फिरवून तळाशी बसलेले यीस्ट जागे करायचे आणि उरलेला भाग वरून ओतायचा. बहुतेक बाटल्यांतला गाळ लोक टाळतात. येथे तो निमंत्रित पाहुणा असतो.

मग आधी पाहावे : रंग पिकत आलेल्या गव्हाच्या लोंबीसारखा, धूसर, वर पांढरा दाट फेस. नंतर वास घ्यावा : संत्र्याच्या सालीचा, धण्यांचा, मागून किंचित मिरीचा, आणि त्याखाली ओल्या कणकेचा. मग एक घोट : सुरुवातीस गोडसर, मध्ये मऊ, शेवटी किंचित आंबट आणि कोरडा. शेवटचा घोट गोड राहिला तर बीअर फसली असे समजावे. तो कोरडा असला म्हणजे तोंड स्वच्छ होते. फार थंड केली तर वास गोठतो. जाणकार पाच ते आठ अंश पुरे मानतात. पेल्याच्या काठाला लिंबाची फोड लावण्याची फॅशन पुष्कळ ठिकाणी आहे. ज्याला वास घ्यावयाचा आहे त्याने ती टाळावी, कारण लिंबू फेस मोडते आणि बाकीच्या सगळ्यांना गप्प बसविते. आणि शेवटचे, ही बीअर साठवून मुरविण्याची नव्हे. लोणचे मुरते, ताक मुरत नाही. ही ताकाच्या जातीची आहे. ताजी असतानाच तिचे गुण.

गावाची गोष्ट

आता मूळ गोष्टीकडे वळू. अठराव्या शतकात हूगार्डनमध्ये तिसांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. एवढ्याशा खेड्यात इतक्या असण्याचे एक कारण राजकीय होते. भोवतालचा मुलूख ब्राबांतचा, परंतु हे गाव लिएजच्या धर्मसत्तेखालील बेट होते. त्यामुळे करांच्या बाबतीत त्याला शेजाऱ्यांपेक्षा सवलत मिळे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये ही जुनी व्यवस्था मोडली आणि सवलतही गेली.

तरीही एकोणिसाव्या शतकात पांढरी बीअर टिकून होती. १८५१ साली लाकांब्र ह्यांनी बेल्जमच्या बीअरींवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात लूव्हनच्या पांढऱ्या बीअरचे सविस्तर वर्णन आहे. परंतु १८४२ मध्ये बोहेमियातील पिल्झेन गावी एक नवी बीअर निघाली होती : सोनेरी, काचेसारखी स्वच्छ, थंडीत आंबविलेली, टिकाऊ. आगगाडी आणि बर्फाची यंत्रे ह्यांच्या साह्याने तिने युरोप जिंकला. काचेचे पेले स्वस्त झाले तसा लोकांना स्वच्छ रंग आवडू लागला, आणि गढूळ पांढरी बीअर खेडवळ वाटू लागली. त्यातच पहिले महायुद्ध आले. जर्मन सैन्याने बेल्जममधील ब्रुअऱ्यांची तांब्याची भांडी काढून नेली. १९०० च्या सुमारास त्या देशात तीन हजारांवर ब्रुअऱ्या होत्या. युद्धानंतर कित्येक पुन्हा उघडल्याच नाहीत. हूगार्डनमध्ये एकेक दार बंद होत गेले. शेवटची टॉमसिन ब्रुअरी १९५७ साली बंद झाली, आणि जी बीअर १४४५ पासून त्या गावाची म्हणून सांगतात ती संपली.

कोणी रडले नाही. अशा गोष्टी संपतात तेव्हा सभा भरत नाही, ठराव होत नाही. म्हातारी माणसे कधीमधी आठवण काढतात, इतकेच.

टॉमसिन ब्रुअरीच्या शेजारच्या घरात एक मुलगा वाढला होता. त्याचे नाव पिएर सेलिस, जन्म १९२५. लहानपणी तो ब्रुअरीत मदतीला जाई. पुढे त्याने दुधाचा धंदा केला. दारोदार दूध घालणाऱ्या ह्या माणसाच्या कानावर जुन्या चवीची आठवण वारंवार पडे. बंद पडून नऊ-एक वर्षे झाल्यावर, १९६५-६६ च्या सुमारास, त्याने मनाशी ठरविले की आपण करून पाहावी. त्याच्यापाशी पदवी नव्हती, भांडवल बेताचे होते. होते ते एवढेच, की लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले, हातांनी केलेले आणि जिभेने चाखलेले त्याला आठवत होते. घराच्या गवताच्या माळ्यावर त्याने आपली ब्रुअरी थाटली. पुढे तिला 'द क्लाउस' म्हणजे मठी असे नाव मिळाले.

आम्हांला ह्या ठिकाणी एक विचार सुचतो. नऊ वर्षे म्हणजे फार नव्हेत. जुने कामगार जिवंत होते, चव ओळखणारे गिऱ्हाईक जिवंत होते, आणि सेलिस स्वतः चाळिशीत होता. हीच खंडाची वर्षे तीस-चाळीस झाली असती तर? लाकांब्रचा ग्रंथ ग्रंथालयात असताच. परंतु ग्रंथातून कृती मिळते, हात मिळत नाही. 'योग्य वेळी उतरवावे' असे पुस्तकात लिहिलेले असते. योग्य वेळ कोणती, ते शेजारी उभे राहिलेल्यालाच कळते.

मात्र येथे आणखी एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. सेलिसने जी बीअर केली ती जुन्या बीअरची हुबेहूब नक्कल नव्हती. जुनी अधिक आंबट असे, कारण तिच्यात दह्यासारखे जंतूही शिरत. नवी स्वच्छ यीस्टची, म्हणून अधिक गोड आणि सुवासिक झाली. पुनरुज्जीवन असेच असते. मेलेली वस्तू जशीच्या तशी उठून बसत नाही. तिचे अपत्य जन्माला येते. चेहरा आईचा, स्वभाव थोडा निराळा.

बीअर लोकांना आवडली. विद्यार्थ्यांत ती विशेष लोकप्रिय झाली आणि माळा अपुरा पडला. सेलिसने शीतपेयाचा एक जुना कारखाना घेऊन तेथे ब्रुअरी हलविली. १९८५ मध्ये तिला आग लागली. पुन्हा उभारणीसाठी पैसा हवा होता. तो लूव्हनच्या स्टेला आर्टवा ह्या मोठ्या कंपनीकडून आला. ही कंपनी १९८८ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या कंपनीशी एकत्र होऊन इंटरब्रू झाली. पैशाबरोबर मतेही आली. कृती बदलून ती अधिक लोकांना रुचेल अशी करावी ह्यासाठी आपल्यावर दडपण येत होते, असे सेलिस सांगत. अखेर त्यांनी ब्रुअरी विकली आणि वयाच्या पासष्टीच्या पुढे अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे जाऊन १९९२ मध्ये नवी ब्रुअरी काढली. नाव दिले सेलिस व्हाइट. तेथेही तीच कथा घडली : मिलर ह्या मोठ्या अमेरिकन कंपनीने आधी वाटा घेतला, मग सारी घेतली, आणि काही वर्षांनी ती बंद केली. सेलिस २०११ साली वारले. २०१७ मध्ये त्यांच्या मुलीने ऑस्टिनमध्येच वडिलांच्या नावाची ब्रुअरी पुन्हा उघडली.

इकडे हूगार्डनमध्ये २००५ साली मालक कंपनीने जाहीर केले की गावातील ब्रुअरी बंद करून उत्पादन लिएजजवळच्या जुपिल येथील मोठ्या कारखान्यात हलवावयाचे. गाव पेटून उठले. लोक रस्त्यावर आले. १९५७ मध्ये न झालेली सभा ह्या वेळी झाली. दुसऱ्या कारखान्यात तीच चव साधण्यातही अडचणी आल्या, आणि २००७ मध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला. बीअर गावातच राहिली. २०१६ साली युनेस्कोने बेल्जमच्या बीअरसंस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त वारशांच्या यादीत नोंद केली.

आपल्याशी संबंध काय?

संबंध दोन प्रकारचे आहेत. एक प्रत्यक्ष. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही लहान ब्रुअरी निघाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील शहरांत धणे-संत्र्याच्या वासाची बेल्जन तऱ्हेची गव्हाची बीअर मिळू लागली. पुष्कळ तरुण मंडळी ती नाव न जाणता पितात. त्यांना ह्या नावामागचे गाव ठाऊक असावे, एवढी अपेक्षा गैर नाही. त्याबरोबरच हेही ठाऊक असावे, की ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे तेरा ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो; आणि मद्यार्काची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वास संत्र्याचा आला म्हणून ते सरबत होत नाही. ज्यांनी मद्याला कधी हात लावला नाही त्यांनी आमच्या ह्या व्याख्यानामुळे लावावा, असे आम्हांला मुळीच वाटत नाही. ज्या घरांनी मद्यापायी सोसले आहे, त्यांच्यापुढे आस्वादाच्या गोष्टी बोलताना जीभ आवरली पाहिजे, ह्याचीही आम्हांला जाणीव आहे.

दुसरा संबंध अप्रत्यक्ष, परंतु आमच्या मते अधिक महत्त्वाचा. गहू भिजवावा किती दिवस, पाणी बदलावे केव्हा, चीक शिजला हे ओळखावे कशावरून, ही विद्या आपल्याही घरांत आहे, आणि ती कोठे लिहिलेली नाही. आंबील आहे, सांडगे आहेत, अनारशाचे पीठ आहे. ह्यांतील कित्येक गोष्टी आता बाजारात पिशवीतून मिळतात, आणि त्या करणारे हात एकेक करून थांबत आहेत. ती दारे बंद होताना आवाज होत नाही. हूगार्डनला एक दूधवाला वेळेवर भेटला; प्रत्येक गावाला भेटेलच असे नाही.

ह्या व्याख्यानाचे दिवस हे कुरडयांचेही दिवस आहेत. ज्यांच्या घरी आजी, आई, मावशी किंवा आत्या अजून गहू भिजत घालीत असेल, त्यांनी उद्या सकाळी व्याख्यानाचा विचार बाजूस ठेवून तिच्याजवळ जाऊन बसावे, आणि चीक ढवळण्याचा दांडा एकदा आपल्या हातात घ्यावा. कृती लिहून घेतली तर उत्तमच. परंतु आधी दांडा हातात घ्यावा.